पडद्यावरचे आकडे आणि खाटेवरचे मूल

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात मुलांच्या तापाविषयी लिहिल्यानंतर ठाण्याहून आणि नवी मुंबईहून बरीच पत्रे आली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पत्रे बालअतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर बसून काढलेल्या दिवसांबद्दल होती. पावसाळ्यात हा विभाग सहसा रिकामा नसतो. आत नेमके काय चालले आहे, हे कोणी नीट बसून सांगितले नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येक पत्रात आहे आणि ती रास्त आहे. म्हणून या वेळी पाच प्रश्न निवडून त्यांनाच सगळी जागा दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला डेंग्यू झाला होता. पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्ही घरी न्यायच्या तयारीत होतो, आणि त्याच दुपारी डॉक्टरांनी तिला आयसीयूत हलवले. तेव्हा तिच्या प्लेटलेट ९५ हजार होत्या. आमच्याच इमारतीतल्या एका मुलाच्या ४० हजारांवर आल्या होत्या, तरी तो साध्या वॉर्डात होता. नातेवाईक म्हणतात, बिल वाढवण्यासाठी हलवले. मुलगी आता बरी आहे, पण मनातून हे जात नाही. (एक आई, कोपरी, ठाणे)

उत्तर : तुमच्या मुलीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्याबाबतीत घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु ताप उतरला त्याच दिवशी आयसीयूत नेले, एवढ्यावरून संशय घेऊ नका. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरतानाच, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. या काळात अगदी बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातला पातळ भाग, ज्याला आम्ही प्लाझ्मा म्हणतो, तो पोटात आणि फुफ्फुसांभोवती जाऊन साचतो. पंधरा किलो वजनाच्या मुलीच्या अंगात एकूण रक्तच १२०० मिलिलिटरच्या आसपास असते. त्यातले दोनअडीचशे मिलिलिटर बाहेर झिरपले तर काय होईल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

आता प्लेटलेटविषयी. आपल्याकडे ‘पेशी किती झाल्या’ हा डेंग्यूतला पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टमधला तेवढाच आकडा फिरतो. आम्ही त्याच कागदावर त्याहून आधी हिमॅटोक्रिट पाहतो, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे ते. पातळ भाग बाहेर गेला की रक्त घट्ट होते आणि हा आकडा वर चढतो. मुलीचा पहिल्या दिवशी ३५ असलेला हिमॅटोक्रिट पाचव्या दिवशी ४२ झाला, तर ती २० टक्क्यांची वाढ झाली, आणि रक्तवाहिन्या झिरपत असल्याचा तो ठळक पुरावा मानला जातो. प्लेटलेट ४० हजार असलेल्या मुलाचा हिमॅटोक्रिट स्थिर असेल, ते खातपीत असेल, लघवी होत असेल, तर ते वॉर्डात राहू शकते. ९५ हजार प्लेटलेट असलेली मुलगी त्याच वेळी शॉकच्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याच्या अवस्थेच्या, उंबरठ्यावर असू शकते.

आणखी एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण इथेच अनेक घरांची आणि कधी कधी डॉक्टरांचीही फसगत होते. समजा, अशा मुलीचा रक्तदाब ९० आणि ७४ आला. चार वर्षांच्या मुलासाठी वरच्या आकड्याची किमान मर्यादा ७८ धरतात (७० मध्ये वयाची दुप्पट मिळवायची, असा एक ते दहा वर्षांसाठीचा ढोबळ हिशेब आहे), म्हणजे ९० हा आकडा ठीकच दिसतो. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर पाहा. ते फक्त १६ आहे. हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, तर शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळून कसाबसा दाब टिकवून धरत आहे, असा त्याचा अर्थ होतो. मुलांचे शरीर हे फार चिकाटीने करते, आणि म्हणूनच मुलांमध्ये रक्तदाब प्रत्यक्ष खाली येणे ही अगदी उशिराची खूण असते. त्याआधीच्या खुणा साध्या असतात: ताप उतरूनही नाडीचा वेग न उतरणे, हातपाय थंड लागणे, पोट दुखणे, उलट्या न थांबणे, मूल निपचित पडणे किंवा उगाच चिडचिडे होणे. सिस्टर छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून धरतात आणि बोट उचलल्यावर पांढरा पडलेला ठसा किती वेळात पुन्हा गुलाबी होतो, ते मोजतात. दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. तीन सेकंद उलटूनही ठसा पांढराच राहिला, तर सिस्टर मोठ्या डॉक्टरांना हाक मारतात.

या २४ ते ४८ तासांत दर तासाला नाडी, रक्तदाब, लघवी आणि काही तासांनी पुन्हा हिमॅटोक्रिट पाहून सलाइनचा वेग कमीजास्त करावा लागतो. सलाइन कमी पडले तर शॉक. जास्त झाले, तर झिरपलेले पाणी रक्तात परत येऊ लागले की फुफ्फुसांत पाणी भरून श्वास लागतो. साध्या वॉर्डात तीस मुलांमागे दोन सिस्टर असताना हे काम होत नाही. डिस्चार्ज कार्डासोबत त्या दिवसाचा नोंदीचा तक्ता आणि रक्ताचे रिपोर्ट रुग्णालयाकडून मागून घ्या. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. हिमॅटोक्रिटचा चढ आणि नाडीचा वेग त्यात दिसेल, आणि नातेवाइकांना काय उत्तर द्यायचे तेही कळेल. नोंदींमध्ये तसे काहीच नसेल, तर त्याच डॉक्टरांना समोर बसून कारण विचारा.

प्रश्न : माझा सात महिन्यांचा मुलगा न्यूमोनियाने आयसीयूत होता. मॉनिटर सारखा वाजायचा आणि सिस्टर येऊन फक्त बटण दाबून जायच्या. एकदा ऑक्सिजनचा आकडा ९७ वरून ७८ झाला आणि थोड्या वेळाने आपोआप ९६ झाला. मी घाबरून ओरडलो, तर मला बाहेर जायला सांगितले. आम्ही त्या पडद्यावर नेमके काय पाहायचे? (एक वडील, कोपरखैरणे)

उत्तर : तुम्हाला बाहेर घालवण्याऐवजी कोणीतरी दोन मिनिटे थांबून समजावून सांगायला हवे होते. ते राहून गेले, म्हणून आज सांगते.

बाळाच्या पायाच्या अंगठ्याला चिकटवलेली जी पट्टी लाल चमकते, ती पल्स ऑक्सिमीटरची. त्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे किरण बोटातून पलीकडे जातात. ऑक्सिजन असलेले रक्त आणि ऑक्सिजन नसलेले रक्त हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते, त्यावरून टक्केवारी काढली जाते. अडचण अशी की किरण कातडी, हाड आणि शिरा यांतूनही जातात. जपानी अभियंते ताकुओ आओयागी दुसऱ्याच एका मोजमापावर काम करत असताना नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात सतत व्यत्यय येत होता. ज्या भागाची धडधड होते तो धमनीतल्या रक्ताचाच असणार, हे ओळखून त्यांनी १९७४ मध्ये त्या व्यत्ययालाच मोजमापाचा आधार केले. आज जगभरच्या आयसीयूंत बोटाला लावली जाणारी ही पट्टी त्यांच्या त्या कल्पनेवर चालते. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. त्या वर्षी आपल्याकडे घरोघरी ऑक्सिमीटर आले.

यंत्र धडधड शोधते, हे लक्षात ठेवले की तुमचा ७८ हा आकडा समजतो. बाळाने पाय झाडला, पाय थंड पडला, पट्टी सैल झाली, त्याच पायाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला, तर धडधड नीट पकडता येत नाही आणि आकडा भलतीकडे जातो. म्हणून आकड्याआधी त्याच्या शेजारची लाट पाहावी. लाटा एकसारख्या, एकामागून एक येत असतील आणि पट्टीने मोजलेला नाडीचा वेग छातीवरच्या तारांनी मोजलेल्या वेगाशी जुळत असेल, तर आकडा खरा धरून तात्काळ हाक मारावी. लाट वेडीवाकडी असेल, तर आधी बाळाकडे पाहावे: ओठांचा रंग, छातीची हालचाल, रडण्याची ताकद. काळसर मेंदी आणि गडद नेलपॉलिश यांनीही आकडा चुकू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवते, असे अधिक वेळा आढळले. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवली पाहिजे.

मॉनिटरच्या बहुतेक गजरांमागे खरा धोका नसतो, हे खरे आहे, आणि त्यातच मोठा धोका आहे. दिवसभर वाजणाऱ्या आवाजाची कानाला सवय होते. सिस्टर बटण दाबून गेल्या यात गैर काही नाही, पण बटण दाबण्याआधी त्यांनी बाळाकडे पाहिले पाहिजे. बहुतेक सिस्टर ते पाहतात, इतक्या सरावाने की तुमच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक बाळाच्या वयाप्रमाणे गजराच्या मर्यादा बदलून घेतल्या, तर फुकटचे गजर बरेच कमी होतात. हे काम आम्हा डॉक्टरांचे आहे आणि ते सगळीकडे होत नाही.

ऑक्सिमीटर काय सांगत नाही, तेही लिहायला हवे. शिकाऊ डॉक्टर असताना एका रात्री सहा महिन्यांच्या एका बाळाची जबाबदारी माझ्याकडे होती. श्वासनलिकांना सूज, मिनिटाला ७० श्वास, नाकाला ऑक्सिजन. पहाटे तीनच्या सुमारास श्वास ४० वर आले, ऑक्सिजनचा आकडा ९८ होता, आणि मी तक्त्यावर ‘सुधारणा’ असे लिहिले. रात्रपाळीच्या ज्येष्ठ सिस्टरांनी बाळाच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, बरं नाही झालं हे, दमलंय.’’ बाळाचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि ते रडतही नव्हते. तातडीने रक्तातले वायू तपासले तेव्हा कार्बन डायऑक्साइड खूप वाढलेला निघाला. ऑक्सिजन बाहेरून देत असल्यामुळे ९८ हा आकडा शेवटपर्यंत तसाच राहिला असता. बाळाला व्हेंटिलेटरवर घेतले आणि ते बरे होऊन घरी गेले. श्वास मंदावले याचा अर्थ बाळ बरे होत आहे की थकत आहे, हे पडदा सांगू शकला नाही. त्या रात्रीपासून खाटेजवळ एक मिनिट उभे राहिल्याशिवाय मी तक्त्यावर काहीही लिहीत नाही.

प्रश्न : नातवाला चार दिवस आयसीयूत ठेवले. रोज रक्त काढत होते, तरी ‘निदान अजून निश्चित नाही’ हेच उत्तर मिळे. निदान नव्हते, तर पहिल्याच दिवसापासून इतकी महागडी औषधे कशाच्या आधारावर दिली? (एक आजोबा, खारघर)

उत्तर : तुमचा प्रश्न तर्काला धरून आहे, कारण बाहेरच्या दवाखान्यात आधी निदान आणि मग औषध असाच क्रम असतो. अत्यवस्थ मुलाच्या बाबतीत तो क्रम पाळण्याइतका वेळ नसतो. आम्ही आधी पाहतो ते, मूल कशामुळे दगावू शकेल हे: श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, रक्ताभिसरण टिकले आहे का, मेंदू शुद्धीवर आहे का, रक्तातली साखर घसरली आहे का. यातले जे बिघडले असेल ते सावरायला लागायचे आणि आजाराचे नाव त्याच्या बरोबरीने शोधायचे. जंतुसंसर्गाने मूल शॉकमध्ये गेले असेल, तर तासाभरात प्रतिजैविक द्यावे, असा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे. रक्तात जंतू वाढतात का, हे पाहणाऱ्या कल्चरला मात्र एकदोन दिवस सहज लागतात आणि ‘जंतू वाढले नाहीत’ असा अंतिम निकाल साधारणपणे पाचव्या दिवशी मिळतो. आयसीयूत येण्याआधी बाहेर प्रतिजैविकाचे दोनचार डोस झाले असतील, तर जंतू असूनही ते वाढत नाहीत. म्हणून आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत आणाव्यात. त्यांचा उपयोग एखाद्या महागड्या तपासणीइतका होतो.

संसर्गाने अवयव बिघडू लागले आहेत हे मुलांमध्ये कसे ओळखायचे, याचे निकषही २०२४ च्या जानेवारीत बदलले. फीनिक्स निकष या नावाने ते ओळखले जातात. पूर्वी ताप, नाडीचा वेग आणि पांढऱ्या पेशी यांवर भर होता, आणि साध्या तापातल्या कितीतरी मुलांमध्येही ते सगळे वाढलेले असते. आता श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू या चार बाबींतल्या बिघाडाला गुण देऊन निर्णय घेतला जातो. हे निकष तपासताना अमेरिकेबरोबर बांगलादेश, केनिया आणि कोलंबिया इथल्या मुलांच्या नोंदीही घेतल्या होत्या, आणि मला तेच त्यांचे बलस्थान वाटते. उपचार आपल्या परिस्थितीत तपासून घेणे किती गरजेचे असते, हे २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानिया इथल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीने दाखवले. शॉकसदृश अवस्थेतल्या तापाच्या मुलांना भराभर सलाइन द्यावे, असे सगळे मानत होते. त्या चाचणीत भराभर सलाइन दिलेली मुले जास्त संख्येने दगावली. तेव्हापासून सलाइन थोडे थोडे देऊन, प्रत्येक वेळी यकृत वाढले का, फुफ्फुसांत पाण्याचा आवाज येतो का, हे पाहण्यावर अधिक भर दिला जातो.

रोज रक्त काढण्याविषयी तुम्ही नाराजी लिहिली आहे. ती काही अंशी बरोबर आहे. लहान मुलाच्या बाबतीत प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब ठेवायला हवा आणि ‘रोजचे म्हणून’ रक्त काढू नये. मात्र एकच तपासणी पुन्हा करण्यामागे बहुधा कारण असते. लॅक्टेट (रक्तात मोजला जाणारा एक घटक) एकदा ५ आले, तर पेशींना ऑक्सिजन पुरत नसल्याची शंका येते. सहा तासांनी ते ३ वर आले, तर उपचार लागू पडत असल्याचे कळते, आणि ७ वर गेले, तर काहीतरी आमच्या नजरेतून सुटले आहे.

पनवेल, खालापूर, कर्जत या भागांतून आमच्याकडे येणाऱ्या मुलांत कधी कधी निदान यंत्राआधी डोळ्यांनी होते. तापाच्या मुलाच्या काखेत, जांघेत किंवा कानामागे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर तो स्क्रब टायफस (बारीक किडे चावल्याने होणारा ताप) असू शकतो, आणि त्यावरचे औषध अगदी स्वस्त आहे. घाम, उलट्या, थंडगार हातपाय आणि धाप लागलेले मूल रात्री अंगणात झोपले होते असे कळले, तर विंचवाची आठवण झालीच पाहिजे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या अशा रुग्णांची बारकाईने निरीक्षणे करून प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार रूढ केला. म्हणून तुम्हाला एकच गोष्ट तीनतीन डॉक्टर विचारतात तेव्हा वैतागू नका. मूल कुठे झोपले, कोणत्या पाण्यात खेळले, घरात उंदीर आहेत का, गावाहून कधी आले, हे सगळे निदानाचेच प्रश्न असतात.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलाला न्यायचे कधी आणि न्यायचे कुठे, जवळच्या लहान रुग्णालयात की थेट मोठ्या? (एक आई, कासारवडवली)

उत्तर : मूल शांत असताना छाती-पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, हा वेगवान श्वास होय, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, पाणीही पीत नसेल, झटका आला असेल, ओठ निळसर झाले असतील किंवा हाक मारल्यावर नीट पाहत नसेल, तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा. अशा वेळी घोडबंदरच्या कोंडीत पाऊण तास अडकून मोठे रुग्णालय गाठण्यापेक्षा आधी ऑक्सिजन आणि सलाइनची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठा. तिथे मूल सावरले की ऑक्सिजन असलेल्या रुग्णवाहिकेतून, पुढच्या रुग्णालयाशी बोलून, खाट असल्याची खात्री करून हलवता येते.

प्रश्न : माझी पाच वर्षांची मुलगी मेंदूज्वराने आयसीयूत आहे. आता श्वासाची नळी काढली आहे, पण ती रात्री दचकते, कधी मला ओळखत नाही. मला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटेच आत सोडतात. जास्त वेळ बसू देण्याची विनंती करावी का? आणि तिची आजीकडची गोधडी नेली तर चालेल का? (एक आई, नेरूळ)

उत्तर : विनंती जरूर करा, आणि त्यात संकोच मानू नका. गुंगीची औषधे, सतत जळणारे दिवे, मोडलेली झोप आणि मूळ आजार यांमुळे मुलांना भ्रम होतो. ओळखीचा आवाज, ओळखीचा स्पर्श आणि दिवस-रात्रीचा फरक यांनी तो निवळायला मदत होते. आईवडिलांना खाटेजवळ बसू दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि हात धुणे व एका वेळी एकाच माणसाने बसणे एवढी शिस्त पाळली, तर आईला बाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.

त्यात आमचाही लाभ आहे. शुद्धीची पातळी मोजायला आम्ही ग्लासगो मापन वापरतो. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. तुमच्या मुलीला आज १४ गुण मिळतील, कारण ती बोलते पण गोंधळलेली आहे. ती रोज झोपताना कोणते गाणे म्हणते, डाव्या हाताने खाते की उजव्या, लाजते तेव्हा कुठे पाहते, हे मात्र फक्त तुम्हाला माहीत आहे. ‘ही अशी बघत नाही’ असे एखाद्या आईने म्हटले की मी डोळ्यांच्या बाहुल्या पुन्हा तपासते आणि गरज वाटली तर मेंदूचा विद्युत आलेख काढते, कारण अंग न हलवता आतल्या आत चालणारे झटके त्यातच दिसतात. तुम्हाला तिच्यात काही बदल जाणवला, तर वेळ लक्षात ठेवून सिस्टरांना सांगा आणि तक्त्यावर नोंद करायला सांगा. घरी गेल्यावरही काही आठवडे दचकणे, अंधाराची भीती, चिकटून बसणे राहू शकते. मेंदूज्वरानंतर ऐकू येण्याची तपासणी डिस्चार्जच्या वेळीच ठरवून घ्या.

गोधडी न्यायला हरकत नसावी, पण आधी तिथल्या सिस्टरांना विचारा. धुऊन, कडक वाळवून न्या, आणि तिला पायांपासून कमरेपर्यंतच पांघरा. पट्टी लावलेले बोट बाहेर राहू द्या आणि छाती उघडी राहू द्या, कारण सिस्टरांना तिथूनच श्वास मोजायचे असतात.